फौजदार पिंजऱ्यात बसेना

पिकअपमधून पिंजरा खाली उतरला तेव्हा साळुबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"कुत्र्याला आनलाय का मला?"

"अगं, कुत्र्याला."

"ह्यात म्हस मावंल की ओ!"

भगवंत गुरुजींनाही म्हणणं रास्त वाटलं. त्यांनी जुबेरला माप नीट समजावून दिलं होतं. कागदावर आकृतीसुद्धा काढून दिली होती. कुत्रा उभा राहिला पाहिजे, गोल फिरला पाहिजे, पाय ताणून झोपला पाहिजे, बास. समोर आलं होतं ते सहा फूट लांब, कमरेइतकं उंच, हिरव्या रंगाचं आणि वरून खाली धाडकन पडणाऱ्या दाराचं प्रकरण. असला पिंजरा त्या भागात शेंबड्या पोरालाही ओळखू येतो. उसात बिबट्या दिसला की वनखातं आणून ठेवतं, तोच तो.

"जुबेर, हे काय रे?"

जुबेरचं नारायणगावच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान होतं. त्याचे वडील महंमद हनीफ यांनी गुरुजींच्या शाळेच्या खिडक्यांना गज बसवले होते, आणि ते गज अजून हलले नव्हते. जुबेरनं मान खाजवली.

"गुरुजी, माप तुमचंच धरलं व्हतं. पन मागल्या साली बिबट्याचे पिंजरे दुरुस्तीला आले, तवापासनं हाताला सवय लागलीय. जनावर म्हनलं की हात आपोआप तिकडंच वळतोय. वाईच मोठा झाला, पन मजबूत हाय. आत बिबट्या घाला, हलनार न्हाई."

"बिबट्या बाहेर राहणार आहे, जुबेर. आत कुत्रा."

"मग तर लईच मजबूत झाला!" असं म्हणून जुबेरनं पिकअप वळवली.

कुत्र्याचं नाव फौजदार. दोन वर्षांपूर्वी संकष्टीला गुरुजी लेण्याद्रीला गेले होते. उतरताना हा चांगला वाढलेला, तांबडा, एक कान अर्धाच असलेला कुत्रा मागे लागला, पायऱ्या संपल्या तरी थांबला नाही आणि जीपमध्ये गुरुजींच्या आधी चढून बसला. घरी येणाऱ्या प्रत्येकाची तो बूट हुंगून चौकशी करायचा, म्हणून फौजदार. सकाळी गुरुजी फिरायला निघाले की तो मागे. शाळेच्या फाटकाशी गुरुजी प्रार्थना संपेपर्यंत उभे राहायचे, तोही उभा राहायचा. परतताना गुरुजी त्याला कोणत्या साली कोणतं झाड लावलं, कुठल्या बाकावर कोण बसायचं हे सांगायचे. निवृत्तीनंतर गुरुजींचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एवढाच उरला होता.

पण गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची दोन कुत्री बिबट्यानं उचलली. तेव्हापासून रात्री फौजदार भुंकला की गुरुजी चौऱ्याहत्तराव्या वर्षी हातात बॅटरी घेऊन "कोण आहे रे?" म्हणत बाहेर धावायचे, जसा काही बिबट्या नाव सांगणार होता. उंबऱ्याच्या आत कुत्रं येणार नाही, हा साळुबाईंचा कायदा. पुण्याहून मुलगा सूरज यानं फोनवर सरळ सांगितलं, "आप्पा, शनिवारी मी येतोय. तोवर कुत्रं पिंजऱ्यात झोपायला लागलं तर ठीक. न्हाईतर चाकणला माझ्या मित्राच्या, रामदासच्या गोडाऊनवर नेऊन सोडतो. तिथं भिंत हाय, वर पत्रा हाय. तुम्ही रात्रीचे बाहेर पळता, मला हितं झोप लागत न्हाई."

पिंजरा आला तो रविवार होता. हातात सहा दिवस होते.

संध्याकाळी सूरजची मुलगी आरोही हिनं व्हिडिओ कॉलवर धडे दिले. "आजोबा, त्याला आत ढकलायचं नाही. आधी दार लावायचं नाही. खाऊ आत ठेवायचा, तो स्वतःहून जाईल. पिंजरा म्हणजे शिक्षा नाही, आपली खोली आहे असं त्याला वाटलं पाहिजे. वरून गोधडी टाका, त्याला अंधार आवडतो. आणि घाई अजिबात करायची नाही हं."

गुरुजी हसले. "बाळा, हेच काम मी एकोणीसशे एक्क्याऐंशीपासून करत आलोय."

ते खरंच होतं. महाळुंगे पडवळच्या शाळेत गुरुजींनी बावीस वर्षं फक्त पहिलीचा वर्ग घेतला. मोठे वर्ग कोणीही शिकवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या वर्षी जूनमध्ये पोरं आली ती खांद्यावर, बखोटीला, एक तर पोत्यात घालून आणलेला. गेणू नावाचा पोरगा शाळेच्या खांबाला असा मिठी मारून बसला होता की तीन माणसं लावली तरी सुटेना. गुरुजींनी त्याला सोडवला नाही. त्यांनी फळा उचलला आणि वर्गच बाहेर चिंचेखाली नेला. पोरं मजेत बसली. दुसऱ्या दिवशी फळा दोन हात शाळेकडे सरकला. तिसऱ्या दिवशी आणखी दोन हात. असं करत करत दहाव्या दिवशी पोरं वर्गात बसून पाढे म्हणत होती आणि आपण आत कधी आलो हे एकालाही कळलं नव्हतं. गेणूलासुद्धा नाही. तोच गेणू आता गावचा सरपंच होता आणि त्याला खुर्चीवरून उठवायला तीन माणसं पुरत नव्हती.

सोमवारी गुरुजींनी भाकरीचा तुकडा पडवीत आणून ठेवलेल्या पिंजऱ्यापासून चार हातांवर ठेवला. फौजदारानं खाल्ला. मंगळवारी तुकडा दारात ठेवला. फौजदारानं मान लांब केली, शरीर जागेवर ठेवलं आणि तुकडा ओढून घेतला.

"तुमच्यापक्षा त्योच हुशार हाय," साळुबाई म्हणाल्या.

"शिकतोय. दोन पाय आत गेले की काम झालं."

"त्याचे चार हायेत. शनवारपत्तुर निम्मं कुत्रंच आत जायाचं."

बुधवारी साळुबाई बायकांबरोबर मंचरच्या बाजाराला गेल्या. गुरुजींनी वर गोधडी टाकली, दार वर करून सुतळीनं बांधलं आणि तुकडा पार शेवटच्या गजापाशी ठेवला. फौजदार दारात आला, आत पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि खाली बसला.

गुरुजी त्याच्याजवळ उकिडवे बसले. त्याच्या डोळ्यांत त्यांना ओळखीचं काहीतरी दिसलं. नव्या पोराच्या डोळ्यांत वर्गाच्या दारात जे दिसतं ते. मग त्यांना वाटलं, आपलंच चुकतंय. वर्गात आधी मास्तर जातो, मग पोरं. रिकाम्या वर्गात कोण जाईल? त्यांनी चपला काढल्या, कारण वर्गात ते कधी चपला घालून गेले नव्हते. चष्मा खाली पडू नये म्हणून काढून चपलांवर ठेवला. आणि ते रांगत पिंजऱ्यात शिरले.

"ये फौजदार. बघ, मी आलोय. काही होत नाही."

फौजदार शेपूट हलवू लागला. गुरुजींना हुरूप आला. ते आणखी मागे सरकले, आणि त्यांचा गुडघा एका पत्र्याच्या पट्टीवर पडला. बिबट्यानं सावजापाशी पाय ठेवला की दार पाडणारी ती पट्टी. हाताच्या सवयीनं जुबेरनं तीही बसवली होती. खट्ट झालं, सुतळी तुटली, दार धाडकन खाली आलं आणि त्याच्याबरोबर वरची गोधडीही समोर घसरली.

आत अंधार झाला. आरोही म्हणाली होती तसा, अगदी आवडण्यासारखा.

गुरुजींनी दार उचलून पाहिलं. दार हललं नाही. फोन ओट्यावर होता. जुबेरनं मजबुतीबद्दल जे सांगितलं होतं ते शब्दशः खरं होतं. त्यांनी पिंजरा हलवून पाहिला, तेवढ्यानं दम लागला आणि खोकल्याची मोठी उबळ आली. बाहेर फौजदार जोरजोरात भुंकायला लागला.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यानं अंगणवाडीची इंद्रायणी चालली होती. तिनं पाहिलं ते असं: गुरुजींच्या पडवीत वनखात्याचा पिंजरा, दार पडलेलं, वर गोधडी, आत काहीतरी धडका देतंय, गुरगुरतंय, आणि कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकतंय. तिनं दुरूनच एक फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. "गुरुजींच्या घरी बिबट्या सापडला. लहान मुलांना बाहेर सोडू नये."

पाचच मिनिटांत अंगण भरलं. गुरुजींनी हाक मारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पहिल्या गाड्या आल्या, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं. निम्म्या गावाला ज्यानं अक्षर शिकवलं, तो माणूस कुत्र्याच्या पिंजऱ्यात रांगत बसलेला निम्म्या गावानं पाहायचा? जरा गर्दी पांगू दे, मग एखाद्या समजूतदार माणसाला हळूच हाक मारू, असं त्यांनी ठरवलं. गर्दी मात्र वाढतच होती आणि तिच्यात समजूतदार कोणी दिसत नव्हता.

"गप झाला बघा," कोणीतरी म्हणालं. "मानसं बघून दबा धरलाय."

"लई मोठा दिसतोय राव. नर असंल."

"म्हातारा वाटतोय. खोकला ऐकला न्हाई का तुमी?"

गोधडीच्या फटीतून गुरुजींना फक्त पाय दिसत होते. चष्म्याशिवाय तेही धूसर. पण पायांपेक्षा आवाज जास्त ओळखीचे होते. बिबट्या म्हातारा आहे म्हणणारा सावळाराम. पहिलीत तो प्रत्येक गोष्टीवर हात वर करायचा आणि उभा राहिला की काय सांगायचं ते विसरायचा. इंद्रायणी अजूनही कविता म्हटल्यासारखी बोलत होती, वाक्याच्या शेवटी सूर वर. कधीकाळी हे सगळे अनवाणी पाय रांगेत उभे असायचे, नखांत माती, एखाद्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. आता बूट होते, सँडल होत्या, एकाच्या चालण्यात तर पायाला घुंगरू लावल्यासारखी किल्ल्यांची खुळखुळ होती. गुरुजी अंधारात बसून मनातल्या मनात हजेरी घेऊ लागले. नाव घेतलं की आवाज सापडत होता. क्षणभर त्यांना पाठ दुखत असल्याचाही विसर पडला.

एवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली आणि सरपंच गेणू उतरला.

"मागं सरका, मागं सरका. मंडळी, तीन महिनं पाठपुरावा केला, तवा ह्यो पिंजरा आला. मी सोता साह्यबांच्या मागं लागलो."

"कायबी बोलू नको," सावळाराम पुढे झाला. "अर्ज माझा व्हता. माझ्या सहीनं."

"तुझी सही? तुझी सही तुलाच वाचता येत न्हाई!"

"मग फोन लावा वनखात्याला. त्यांनाच इचारू."

फोन लागला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, महाळुंग्यात आम्ही एकही पिंजरा ठेवलेला नाही, तुम्ही कोणीही जवळ जाऊ नका, आम्ही निघालोच. गेणू पाठपुराव्यावरून आणि सावळाराम सहीवरून हळूहळू मागे सरकले.

"पन गुरुजी कुठं हायेत?" इंद्रायणीनं विचारलं.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. घराचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं, ओट्यावर फोन वाजत होता. मग कोणाची तरी नजर पिंजऱ्यासमोर गेली. तिथं जोडीनं ठेवलेल्या चपला होत्या. चपलांवर घडी घातलेला चष्मा.

पिंजरा, चपला, चष्मा, आणि आत दबा धरलेला नर. हिशेब जमायला वेळ लागला नाही.

"इंद्रे, रडू नको," सावळाराम म्हणाला आणि स्वतःच नाक ओढलं.

गेणूनं टोपी काढली. समोर गर्दी दिसली की तो थांबू शकत नसे. "मंडळी, गुरुजी गेलं. ही पोकळी कदी भरून येनार न्हाई. आज मी जो काय हाय, तो त्यांच्यामुळं. मी त्यांचा सगळ्यात लाडका इद्यार्थी. पहिलीत माझा पहिला नंबर आला, तवा त्यांनी माझ्या पाठीवर हात..."

"गेणू!" पिंजऱ्यातून आवाज आला. "खोटं बोलू नकोस. तू पहिलीत दोनदा बसलास."

अंगणातली सगळी माणसं एकदम दोन पावलं मागे गेली. गेणू मात्र जागच्या जागी ताठ उभा राहिला, हात बाजूला, मान खाली.

"व्हय गुरुजी," तो म्हणाला. बिबट्या बोलला, याचं आश्चर्य त्याला नंतर वाटलं.

"आणि पहिला नंबर कुणाचा आला होता?"

"इंद्रायणीचा, गुरुजी."

"बस खाली."

गेणू बसला. त्याच्या मागचे आठदहा जण का कोण जाणे, पण बसले. नेमक्या त्याच क्षणी बाजाराची पिशवी घेऊन साळुबाई फाटकातून आत आल्या. बसलेल्या गावाकडे त्यांनी पाहिलं, चपलांकडे पाहिलं, सरळ चालत गेल्या आणि गोधडी उचलली.

"काय ओ, आत काय करताय?"

"फौजदाराला शिकवतोय."

"आन् फौजदार कुठाय?"

"बाहेर. बघतोय."

साळुबाईंनी पदर तोंडाला लावला. रडायला की हसायला, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. सावळाराम आणि गेणू यांनी मिळून दार उचललं. दोघांनी एकत्र केलेलं हे कित्येक वर्षांतलं पहिलं काम. गुरुजी रांगत बाहेर आले. तेवढ्यात कडेला थरथरत उभा असलेला फौजदार, इतक्या माणसांत कुठं जावं हे न कळून, त्यांच्या पायांमधून झेप घेऊन पिंजऱ्यात शिरला, गुरुजींच्या उबदार जागेवर गोल फिरला आणि अंगाची गुंडाळी करून बसला. भाकरीचा तुकडाही त्यानं तिथंच संपवला.

"बघितलंत?" गुरुजी कंबर धरून म्हणाले. "मी ढकललं का? नाही. आपला आपण गेला."

गेणूनं सगळ्यात आधी टाळी वाजवली. वनखात्याची गाडी आली तेव्हा सगळे चहा पीत होते.

गुरुवारी जुबेर आला. दाराला बिजागऱ्या लावल्या, ती पट्टी कापून काढली आणि पिकअपमध्ये टाकून गेला. संध्याकाळी गुरुजी पुन्हा आधी आत बसले, बाहेर आले, मग फौजदार गेला. तो तसाच जायचा. कोणीतरी जागा उबवून दिल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. गुरुजींना वाटलं, उद्या सवय होईल.

पण शुक्रवारी गुरुजींची कंबर धरली ती अशी की उठणंच बंद झालं. दिवसभर ते खाटेवर पडून होते. फौजदाराचं आता कसं होणार, एवढाच घोर. संध्याकाळी त्यांनी आतूनच विचारलं, "साळू, फौजदार कुठाय गं?"

"पिंजऱ्यात निजलाय," बाहेरून उत्तर आलं.

"आपला आपण?"

"मंग काय मी पाळन्यात घातला?"

त्या रात्री गुरुजी फार दिवसांनी सलग झोपले.

शनिवारी दिवस कलताना सूरज आला. हातात नवा पट्टा आणि साखळी होती. "आप्पा, आधी तुमची कंबर बघू," तो म्हणाला, पण गुरुजींना कंबरेत रस नव्हता.

"सूरज, ती साखळी ठेवून दे. तुझी अट मी पुरी केली. कालपासून तो एकटा जातो, कोणी सोबत लागत नाही. मी खाटेवरून हललोसुद्धा नाही. अरे, शिकवणं म्हणजे काय असतं? ढकलायचं नसतं. वाट बघायची असते. शेवटी तो आपला आपण शिकतो, आणि आपण फक्त कौतुक करायचं."

"बघून येतो," सूरज म्हणाला. साखळी त्यानं ठेवली नाही.

पडवीत उजेड कमी झाला होता. पिंजऱ्याचं दार उघडं होतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते. बोटांत जोडवी होती. सूरज जागीच थांबला. आत साळुबाई पदर खोचून बसल्या होत्या, डोकं वरच्या गजांना लागू नये म्हणून मान तिरकी, हातात दुधात कुस्करलेल्या भाकरीची थाळी. समोर फौजदार उभा होता, एक पाय दाराच्या चौकटीवर.

"ये रं माज्या वाघा," त्या कुजबुजत होत्या. "कालच्याला आला व्हतास का न्हाई? बघ, जागा ऊन केलीय. गेलास चाकनला, तर ह्यांचं रामायन रोज कोन ऐकनार? मी? मला न्हाई झेपायचं."

"आई!"

"वरडू नको मेल्या, बिचकंल त्यो. लई येळानं एक पाय टाकलाय."

फौजदारानं दुसरा पाय आत टाकला. साळुबाई इंचाइंचानं बाजूला सरकल्या. तो त्यांना घसटून मागे गेला, गोल फिरला आणि बसला. थाळी त्याच्यापुढे ठेवून त्या उलट्या रांगत बाहेर येऊ लागल्या.

"गेला का रे आत?" घरातून गुरुजींचा आवाज आला. "आपला आपण?"

सूरजनं आईकडे पाहिलं. साळुबाईंनी चारही पायांवर असतानाच एक बोट ओठांवर ठेवलं.

सूरजनं साखळी गुंडाळून खिशात घातली.

"गेला, आप्पा," तो मोठ्यानं म्हणाला. "एकदम आपला आपण."

"सांगितलं नव्हतं मी!"

"आता हात दे गपचिप," साळुबाई हळूच म्हणाल्या, "गुडगं धरल्यात."